गोठ्याला सुटी नसते

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शालेय अभ्यासक्रमात शेती आणि पशुपालन यांना स्थान द्यावे की नाही, यावर आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहाराच्या स्तंभात जी चर्चा चालू आहे, ती मी आस्थेने वाचत आहे. पुस्तक कसे असावे, तासिका किती असाव्यात, गुण किती द्यावेत आणि शिक्षक कोठून आणावेत, याविषयी पत्रलेखकांनी तपशिलाने लिहिले आहे. जनावर कोठे बांधावे आणि दिवाळीच्या सुटीत त्याला वैरण कोणी घालावी, हे मात्र मी वाचलेल्या एकाही पत्रात आलेले नाही. पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती संस्थेच्या निवासी शाळेत नऊ वर्षे, आठवड्यातून दोन दिवस, पशुविज्ञान शिकवले. त्या नऊ वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे की, ज्या शाळेत रविवारी आणि सुटीच्या दिवशी गोठा कोण सांभाळणार याचे लेखी उत्तर नाही, त्या शाळेने हा विषय सुरूच करू नये. आणि ज्या शाळांकडे हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या होते, त्या जुन्या मिशन शाळांनी आपले गोठे मोडले, हे आपले मोठे नुकसान झाले आहे.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. तरीही ख्रिस्ती शाळांविषयी मुद्दाम लिहितो, कारण शेती आणि शाळा यांची सांगड आपल्याकडे अनेकांनी घातली असली, तरी मिशन शाळांची वाट थोडी वेगळी होती. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षणाची, मांडणी झाली. १९८३ मध्ये पाबळला, कामातूनच शिकवणारा विज्ञान आश्रम उभा राहिला. या दोन्हींविषयी महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. मिशन शाळांकडे सिद्धान्त फारसा नव्हता. त्यांच्याकडे गावाबाहेरची जमीन होती, विहीर होती आणि दुष्काळाने घरदार हिरावून घेतलेली मुले होती. ही मुले रात्री शाळेतच राहत आणि सुटीत त्यांना जायला दुसरे घर नसे. त्यामुळे पहाटेची धार, दुपारचे पाणी आणि रात्रीची वैरण हा प्रश्न तेथे कधी प्रश्न म्हणून उभाच राहिला नाही. परिस्थितीने दिलेली ही सोय होती, हे खरे. पण गोठा चालला तो तिच्यामुळेच.

याचे आपल्या ओळखीचे उदाहरण दौंड तालुक्यातील केडगावचे आहे. पंडिता रमाबाई यांचे नाव आपण स्त्रीशिक्षण, संस्कृत विद्वत्ता आणि धर्मांतराचा वाद यांच्या संदर्भात घेतो; त्यांच्या शेतीविषयी कोणी बोलत नाही. शारदा सदन या आपल्या विधवा मुलींच्या शाळेच्या खर्चाला कायमचा आधार असावा, म्हणून त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि तेथे फळबाग लावायला आरंभ केला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला, आणि उत्पन्नासाठी घेतलेली ही जमीनच मुलींचे घर आणि शाळा झाली. तेथे मुली अक्षरे शिकल्या, तशा विणकाम, छपाई, बागकाम, शेती आणि गाईगुरांची निगा हेही शिकल्या. ज्या बाईने तरुणपणी दुष्काळातच आईवडील गमावले होते, तिला अन्न कोठून येते हे मुलींना शिकवावेसे वाटणे स्वाभाविक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निराधार मुलींच्या हातात खुरपे आणि दुधाची चरवी देणारी ही शाळा एका मराठी बाईने उभी केली, ही गोष्ट शेतीशिक्षणाच्या आपल्या चर्चेत सहसा निघत नाही. आणखी मागे गेले, तर ज्या विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीत मराठी कोश छापला, त्यांनीच १८२० मध्ये कलकत्त्यात शेती व बागायतीच्या सुधारणेसाठी संस्था स्थापन केली होती. भाषेचा आणि मातीचा अभ्यास त्या काळी एकाच माणसाला शोभत असे.

तथापि या विषयाचे सर्वांत शिकवून जाणारे उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे, अलाहाबादजवळच्या नैनीचे आहे. मँचेस्टरजवळ जन्मलेले आणि अमेरिकेत शिकलेले सॅम हिगिनबॉटम १९०३ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. त्यांच्याकडे अलाहाबादच्या ख्रिस्ती महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवण्याचे काम आले, आणि भारताचे अर्थशास्त्र म्हणजे मुख्यतः शेतकऱ्याचे दारिद्र्य, हे शिकवता शिकवता त्यांच्याच लक्षात आले. येथवर पुष्कळ जण येतात. हिगिनबॉटम यांनी पुढे केले ते वेगळे होते. आपल्याला शेती येत नाही हे मान्य करून तिशी उलटून गेलेला हा प्राध्यापक अमेरिकेत परतला आणि ओहायोच्या विद्यापीठात विद्यार्थी म्हणून शेतीच्या वर्गात बसला. १९१० हे त्यांच्या शेती संस्थेचे स्थापनावर्ष मानले जाते. यमुनेच्या पलीकडच्या काठावर तिच्यासाठी घेतलेली सुमारे २७५ एकर जमीन घळींनी चिरलेली आणि कांस गवताने ग्रासलेली होती. चांगल्या जमिनीवर चांगले पीक काढून दाखवले, तर शेतकरी म्हणेल की यात तुमचा पराक्रम काय. म्हणून वाईट जमीनच सुधारून दाखवायची, हा त्यामागचा हिशेब. कांसाची मुळे खोल नांगरट करून उन्हाळ्याच्या तापात वाळवणे, पावसाळ्यातला हिरवा चारा खड्ड्यात दाबून मुरघास करणे आणि तो चाराटंचाईच्या महिन्यांत जनावरांना घालणे, हे सर्व विद्यार्थ्यांच्या हातून करवून घेतले जात असे. आज आमच्या जिल्ह्यात प्लास्टिकच्या पिशव्यांत मुरघास विकला जातो, तेव्हा मला नैनीच्या त्या खड्ड्यांची आठवण होते.

हिगिनबॉटम यांना दोन्ही बाजूंनी टोमणे बसले. धर्मोपदेशासाठी आलेल्या माणसाने नांगर कशाला धरावा, असे त्यांच्याच काही सहकाऱ्यांना वाटे. आणि परदेशी मिशनऱ्याच्या नांगरामागे काहीतरी अन्य हेतू असणार, असा संशय आपल्यापैकी पुष्कळांना येई. तो संशय सर्वस्वी निराधार होता असे मी म्हणणार नाही, कारण त्यांनी आपला धर्म कधी लपवला नव्हता. मात्र ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाने याच माणसाकडे आपल्या शेती खात्याचे संचालकपद काही काळ सोपवले होते, आणि शिंदे सरकारला त्यात धर्म धोक्यात आल्यासारखे वाटले नाही, हेही नमूद करावेसे वाटते. नैनीत मेसन वॉग या अमेरिकन अभियंत्याने आपल्या बैलांच्या ताकदीला झेपतील असे नांगर बनवले, आणि त्यांना ‘वाह वाह’ आणि ‘शाबाश’ अशी नावे दिली. ही नावे ऐकून मुले हसत आणि नांगर लक्षात ठेवत. अवजारांच्या पाठात मी त्यांचा पुष्कळ उपयोग केला. त्याच संस्थेत जर्सी आणि लाल सिंधी यांच्या संकरातून ‘जर्सिंध’ गाय तयार करण्यात आली. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर अशा तीन रक्तांची ‘फुले त्रिवेणी’ पुढे आणली, ती याच विचाराच्या वाटेवरची. संकराने दूध वाढले, तसे उन्हाचा त्रास, गोचिडांचे आजार आणि औषधांचा खर्चही वाढला. हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला शिकवणे, हेच मला वर्गातले खरे पशुविज्ञान वाटते.

आता माझ्या शाळेविषयी. तिचे नाव मी देत नाही, कारण पुढे तिच्या एका चुकीविषयीही लिहायचे आहे. मी गेलो तेव्हा तेथे दोन संकरित गाई, एक डांगी गाय, नऊ संगमनेरी शेळ्या आणि कोंबड्यांचे एक खुराडे होते. आठवी ते दहावीची मुले-मुली होती, त्यांतली निम्म्याहून अधिक शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या घरची. ख्रिस्ती मुले निम्म्याहून कमी. पहिल्या दिवशी मी फळ्यावर काहीही लिहिले नाही. रवंथ करणाऱ्या गाईसमोर मुलांना बसवले आणि एक घास वर आल्यापासून गिळला जाईपर्यंत ती किती वेळा चावते, ते मोजायला सांगितले. चाळीसपासून साठपर्यंत आकडे आले. मग सरासरी काढली. मग आजारी गाय रवंथ का थांबवते, यावर बोलणे झाले. पुढच्या आठवड्यात दात. आमच्या भागातील कोणताही बैलबाजारवाला व्यापारी ‘आदत’ (कायमचे दात न आलेला), ‘दोनदाती’, ‘चारदाती’, ‘सहादाती’ आणि ‘जुळलेला’ या पाच शब्दांत जनावराचे वय सांगतो. मुलांना हे शब्द घरून येत होते, पण पहिली कायमची जोडी दोन-अडीच वर्षांच्या आसपास येते आणि पाच वर्षांच्या सुमारास आठही दात जुळतात, हे त्यांनी प्रत्यक्ष ओठ उचलून पाहिल्यावर त्या शब्दांना आकडे मिळाले. गाईचे तापमान साडेएकशेएक अंश फॅरनहाइट आणि कोंबडीचे एकशेसहाच्या पुढे, हे पाठ करणारा मुलगा परीक्षेत उत्तीर्ण होतो. पण तापमापक झटकून, गुदद्वाराच्या भिंतीला टेकवून, एक मिनिट न घाबरता धरून ठेवणारा मुलगा पुढे स्वतःच्या गोठ्यातला आजार एक दिवस आधी ओळखतो. त्या एका दिवसावर पुष्कळदा जनावराचा जीव अवलंबून असतो, हे मी नोकरीची तीस वर्षे पाहिले आहे.

मुलींविषयी थोडे वेगळे लिहिले पाहिजे. आपल्या घरांत शेण काढणे, वैरण-पाणी आणि बहुधा धारही बाईच्याच वाट्याला येते. पण पशुवैद्यक दारात आला की त्याच्याशी बोलतो तो पुरुष. जनावराचा माज कसा ओळखावा, तो किती तास टिकतो आणि सकाळी माजावर दिसलेली गाय संध्याकाळी रेतन करून का भरवावी, हा पाठ आला तेव्हा वर्गात खाली माना गेल्या आणि काही पालकांनी मुख्याध्यापकांकडे तक्रारही केली. त्या वेळी शाळेच्या फादरांनी तक्रारदार पालकांना घेऊन गोठ्यात चक्कर मारली आणि, तुमच्या घरी गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तर किती रुपयांचे नुकसान होते, एवढाच प्रश्न विचारला. तक्रार मिटली. पुढे वहीत माजाच्या तारखा सर्वांत नेटकेपणाने मुलीच लिहू लागल्या, आणि गाईचे सुमारे २८०, म्हशीचे ३१०, तर शेळीचे १५० दिवस मोजून विण्याच्या तारखेचा अंदाज बांधण्याची पैज त्या मुलांशी लावत.

आता ती चूक. तिसऱ्या वर्षी आम्ही कोंबडीची एक दिवसाची साठ पिले आणली. राणीखेत रोगाची लासोटा ही पहिली लस पहिल्या आठवड्यात वेळेवर दिली. आठव्या आठवड्याची राणीखेतची दुसरी लस मात्र सहामाही परीक्षेच्या दिवसांत येत होती. परीक्षा संपू द्या, असे ठरले. मीही पुरेशा आग्रहाने नाही म्हटले नाही, आणि या चुकीतला माझा वाटा मी लपवू इच्छित नाही. परीक्षा संपली, दिवाळीची सुटी लागली, वसतिगृह रिकामे झाले, आणि एकटा राहिलेला गडी भाऊबीजेला दोन दिवस गावी गेला. सुटीनंतर मुले परतली तेव्हा खुराड्यात चौदा कोंबड्या उरल्या होत्या. ज्या रोगाला आपल्या खेड्यांत ‘मानमोडी’ म्हणतात, तो किती अचूक नावाचा आहे हे माना वाकडी करून फिरणाऱ्या त्या उरलेल्यांकडे पाहून मुलांना समजले. मेलेल्या कोंबड्या गड्याने उकिरड्यावर टाकल्या होत्या. त्या पुन्हा काढून, चुना घालून, खोल खड्ड्यात पुरण्याचे काम नववीच्या वर्गाने केले. एका मुलाने मला विचारले की, परीक्षेचे वेळापत्रक ठरवताना कोंबड्यांची लस कोणी का पाहिली नाही. मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी ते मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी दिले: शाळेची चूक झाली, असे त्यांनी सर्वांसमोर मान्य केले. त्या आठवड्यात गोठ्याचे वेळापत्रक शाळेच्या मुख्य वेळापत्रकाशेजारी, त्याच आकाराच्या कागदावर लागले.

याच ठिकाणी ख्रिस्ती शाळा असण्याचा मला उपयोग झाला, आणि तो मला आधी अपेक्षित नव्हता. सुटीत पाळ्या लावायच्या, रविवारीही पहाटे पाचला धार काढायची, म्हटल्यावर काही शिक्षकांनी रविवार हा प्रभूचा विश्रांतीचा दिवस असल्याची अडचण सांगितली. फादरांनी त्यांना लूकच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय काढून दाखवला. शब्बाथाच्या, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या, दिवशी आजारी बाईला बरे केल्याबद्दल येशूला दोष देणाऱ्यांना तो विचारतो की, तुमच्यापैकी प्रत्येक जण त्याच दिवशी आपला बैल किंवा गाढव दावणीहून सोडून पाण्यावर नेतो की नाही. त्यानंतर रविवारच्या पाळीबद्दल कोणी काही बोलले नाही. बायबलचे जग मुळात मेंढपाळांचे आणि शेतकऱ्यांचे आहे, हे मला तेथे शिकवताना कळत गेले. मळणीच्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये, असा त्यात नियम आहे. शेताच्या कडेचे पीक पुरते कापू नये आणि सरवा वेचायला गरिबांना व परक्यांना मुभा द्यावी, असा आहे. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी, असाही आहे. आपल्या वारकरी घरांतून आलेल्या मुलांना यात परके काही वाटले नाही. बैलाच्या मुसक्याची आणि सरव्याची ओळख त्यांना आमच्यापेक्षा अधिक होती. मात्र हा आधार नाजूकपणे वापरावा लागतो. अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, असे राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलम सांगते, आणि अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क तिसावे कलम देते. या दोन कलमांच्या मधल्या जागेत चांगला शिक्षक आपले काम करू शकतो. आमच्या शाळेत शास्त्रवचने चॅपेलमध्ये वाचली जात आणि गोठ्यात वैरण मोजली जात असे. दोन्हींची गल्लत होऊ न देण्याचे श्रेय फादरांचे होते.

पीक हाती आल्यावर चर्चमध्ये जी उपकारस्तुती होते, तिच्यात आमची मुले भोपळे, अंडी, मुळ्याच्या जुड्या आणि एकदा तर करडूही घेऊन गेली, आणि भक्तीनंतर त्या वस्तूंचा लिलाव झाला. गोव्यात नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेण्याचा कणसांचा उत्सव आहे, हे मी तेथे गेलो असताना पाहिले. आणि त्याच गोव्यात, केपे तालुक्यातील सुळकर्णे येथे सलेशियन संस्थेने २०१५ मध्ये डॉन बॉस्को कृषी महाविद्यालय सुरू केले, ते गोव्यातले पहिले कृषी महाविद्यालय ठरले. ख्रिस्ती संस्थांमधून शेतीचे शिक्षण संपले आहे, असे म्हणूनच म्हणता येत नाही. उच्च शिक्षणात ते वाढते आहे. माझी तक्रार शाळेविषयी आहे, आणि विशेषतः आपल्या भागातील जुन्या शाळांविषयी.

मी लहान असताना आमच्या तालुक्याच्या मिशन शाळेला बारा एकर शेत, मोटेची विहीर आणि लांबलचक दगडी गोठा होता. आज त्या विहिरीवर झाकण आहे, गोठ्यात संगणक कक्ष आहे आणि शेतात विवाह कार्यालय. संस्थेला दोष देणे सोपे आहे, पण कारणे पाहिली पाहिजेत. परदेशातून येणारा पैसा आटला. वसतिगृहांतील मुलांची संख्या घटली. मिशनच्या जमिनींवर मालकीचे दावे उभे राहिले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पालकांनाच मुलांच्या हातात शेणाची पाटी नको होती. दुष्काळात आजोबांनी मिशनच्या गोठ्यात शेण काढले, म्हणून नातवाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालणाऱ्या माणसाचा मी उपहास करू शकत नाही. दलित कुटुंबांतून ख्रिस्ती झालेल्या घरांत तर हा प्रश्न अधिक दुखरा आहे; ज्या कामातून सुटण्यासाठी त्यांनी शाळा गाठली, तेच काम शाळेने शिकवावे हे त्यांना अपमानासारखे वाटले, तर त्यात त्यांचे काय चुकले? म्हणून हा विषय शाळेतल्या सर्व मुलांना असावा; काही मुलांना संगणक आणि काहींना शेण, अशी वाटणी झाली की तो विषय तेथेच मेला, असे समजावे. आमच्या शाळेत तहसीलदारांच्या मुलीची पाळी शेतमजुराच्या मुलाबरोबर लागत असे, आणि तिच्या वडिलांनी एकदाही हरकत घेतली नाही, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो.

शासनाच्या बाजूनेही थोडे लिहितो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे आणि व्यावसायिकांकडे शिकण्याची कल्पना आहे. कृषी विद्यापीठे देशातील एकूण विद्यापीठांच्या सुमारे नऊ टक्के असूनही शेती व संलग्न शास्त्रांतील विद्यार्थी उच्च शिक्षणातील एकूण विद्यार्थ्यांच्या एक टक्क्याहूनही कमी आहेत, हेही त्याच धोरणात नमूद आहे. आपल्याकडे अकरावी-बारावीला द्विलक्ष्यी व्यवसाय अभ्यासक्रमात पीकशास्त्र आणि पशुविज्ञान-दुग्धव्यवसाय यांसारखे दोनशे गुणांचे विषय कित्येक वर्षांपासून आहेत. कागद कमी नाहीत. परंतु दहा दिवसांत गाय समजत नाही. ती समजायला एक वेत लागते. गाय भरवल्यापासून वासराला पहिला चीक पाजेपर्यंतचे सव्वानऊ महिने आणि त्यापुढील दुधाचे दहा महिने मुलाच्या डोळ्यांसमोरून गेले पाहिजेत. त्यात एखादे वासरू दगावते, एखाद्या सडाला कासदाह होतो, वार अडकते, लाळ्या-खुरकुताची लस चुकते. ज्या वर्षी यांतले काहीच घडत नाही, त्या वर्षी माझा अभ्यासक्रम अपुरा राहिला असे मला वाटे.

पाठ्यपुस्तक ज्याविषयी गप्प राहते, असा एक प्रश्नही येथे मांडतो. संकरित गाईला गोऱ्हा झाला की त्याचे काय होते, हे मुले विचारतात. शेतीला बैल नको झाले आहेत, आणि राज्यात २०१५ पासून गोवंशहत्याबंदी बैलांनाही लागू आहे. गोऱ्ह्याच्या वाट्याला दुधाऐवजी उपेक्षा येते आणि तो हळूहळू खंगतो, हे खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. शाळेत बोकड विकला जातो, तो खाटकाकडेच जातो, हेही मुलांना ठाऊक असते. आमच्या शाळेत पहिला बोकड विकला गेला, त्या रात्री वसतिगृहात दोन मुले जेवली नाहीत. मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. मादी वासराचीच शक्यता वाढवणाऱ्या वर्गीकृत रेतमात्रा आता मिळतात, त्यांचा खर्च आणि यशाचे प्रमाण वर्गात मांडले, आणि बोकडाच्या विक्रीतून उरलेल्या शेळ्यांचे वर्षभराचे जंतनाशक आणि लसी कशा निघतात, ते वहीत दाखवले. मुलांनी पुढच्या बोकडाला नाव ठेवले नाही. हा त्यांचा निर्णय होता, आणि मला तो शहाणपणाचा वाटला.

शिक्षण खात्याला आणि संस्थाचालकांना माझ्या सूचना मोजक्याच आहेत. ज्या शाळेत वसतिगृह आहे, तेथूनच हा विषय सुरू करावा. दोन गाई, पाच-सहा शेळ्या आणि थोड्या कोंबड्या एवढे पुरे. अधिक जनावरे झाली की शाळेचे दूधकेंद्र होते आणि मुले मजूर होतात, हेही मी एका ठिकाणी पाहिले आहे. मुलांच्या पाळीचा काळ सकाळी पाऊण तासाहून अधिक नसावा आणि जड कामाला पगारी गडी असावा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी शाळेचा लेखी करार असावा, आणि तेथील अधिकाऱ्याच्या कामात या भेटी धरल्या जाव्यात. निवृत्त माणसाच्या हौशीवर अभ्यासक्रम उभा राहत नाही. लसीकरणाचे, जंतनिर्मूलनाचे आणि सुट्यांच्या पाळ्यांचे वेळापत्रक जूनमध्येच शाळेच्या दिनदर्शिकेत छापावे, आणि मान्यतेच्या तपासणीत अधिकाऱ्याने पहिल्याने तेच मागावे. ज्यांच्या जुन्या मिशन जमिनींवर कोणाचे दावे नाहीत अशा संस्थांनी निदान दोन एकर आणि एक विहीर शाळेसाठी राखून ठेवली, तर त्यांच्याच इतिहासाशी ते सुसंगत होईल.

शेवटी वाचकांना एक विनंती. अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, जालना या भागांतील जुन्या मिशन शाळांमध्ये गोठ्याच्या आणि शेताच्या नोंदवह्या असत. कोणत्या गाईने किती शेर दूध दिले, कोणता बैल कितीला घेतला, दुष्काळात कडब्याचा भाव काय होता आणि नाताळच्या सकाळी कोणत्या दोन मुलांची धारेची पाळी होती, हे त्यांत लिहिलेले असे. अशी एक वही मला आमच्या शाळेच्या माळ्यावर, वाळवी लागलेल्या स्थितीत मिळाली. तिची पहिली चाळीस पाने गेली होती. ज्यांच्या घरी, चर्चमध्ये किंवा शाळेच्या अडगळीत अशा वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. कोरड्या जागी ठेवाव्यात आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला त्यांची प्रत द्यावी.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
अहिल्यानगर जिल्हा